भावाच्या नावाचे पाच खंड

बाबा, माधव नगरचं घर परवा रिकामं झालं. तुमच्या लाडक्या लेकाचा इंदूरहून फोन आला होता. "ताई, घर खाली करतोय. तुझी ती कॉमिक्सं पडली आहेत, उठवून घेऊन जा, नाही तर कबाड्याला देऊन टाकतो." ‘तुझी’ म्हणाला. हा एक शब्द तुमच्या तोंडून ऐकायची मी किती वर्षं वाट पाहिली, आणि मिळाला तो असा.

अजून डोळ्यांसमोर येतं: मी दहा वर्षांची आहे. छावणीतल्या बंगल्यांमधली रद्दी आली की कबाडी हाक मारतो, "बिटिया, तेरी वाली आई हैं." मी त्याच्या दुकानात फतकल मारून विलायती कॉमिक्सची साप्ताहिकं निवडते, घरी आणून अंकांच्या क्रमानं लावते. रविवारी जेवणं झाली की तुम्ही चटईवर आडवे होता आणि मला एकेक चौकट मराठीत सांगता. खोडकर पोरं, छडी घेऊन धावणारे मास्तर, आणि शेवटी बक्षीस म्हणून कुस्करलेल्या बटाट्यांचा डोंगर, त्यात खोचलेलं काहीतरी तपकिरी. "लांबट गुलाबजाम असतील," तुम्ही म्हणालात. ते मांसाचे सॉसेज असतात हे कळेपर्यंत, बटाट्यात गुलाबजाम खाणाऱ्या इंग्रजांची मला कित्येक वर्षं कीव येत असे. एरवी "मुलीच्या जातीनं फिदीफिदी हसू नये" म्हणून डोळे वटारणारे तुम्ही तेव्हा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचात, आणि मलाही हसू द्यायचात. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

माझ्या तेराव्या वर्षी उन्हाळ्यात तुम्ही मला न विचारता सगळे अंक बाइंडरकडे नेलेत. मी खूश झाले होते, खोटं कशाला बोलू. ज्याची तुम्हाला किंमत, त्याचंच तुम्ही बाइंडिंग करून घ्यायचात: दिवाळी अंक, कायद्याची पुस्तकं. पाच जाडजूड खंड आले. पाठीवर सोनेरी अक्षरांत भावाचं नाव. तो सहा वर्षांचा, त्याला धड एबीसीडी येत नव्हती. मी विचारलं तर चहा बशीत ओतता ओतता म्हणालात, "तू उद्या सासरी जाशील. पुस्तकं घरात राहायला हवीत." आईनं स्वयंपाकघरातून ऐकलं आणि पोळी उलटली. वर बाइंडरनं तिन्ही बाजू कापून सारख्या केल्या होत्या. पानाच्या अगदी तळाशी चित्रकार चोरून एखादा उंदीर काढायचा, त्याच्या तोंडी वरच्या गोष्टीची टिंगल घालायचा. ते सगळे उंदीर कापले गेले. भावानं ते खंड एकदाही उघडले नाहीत.

आता साठीला टेकले आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर तेच अंक पुन्हा जमवले, इंग्लंडहून एकेक पार्सल मागवून, न कापलेले, उंदरांसकट. त्या काळी चित्रकारांची नावं छापत नसत, पण कुणी काढलेली मुलं गुडघ्यात कशी वाकतात त्यावरून मी चित्रकार ओळखते. खरखरीत कागदावर लाल रंग रेषेबाहेर सांडलेला दिसला की अजून जीव हरखतो. जमवणारे लोक म्हणतात, कापून बांधलेले खंड कुणी फुकट नेणार नाही. तरी तुमचे पाचही खंड मी ऑटोत घालून आणले. बाबा, मला तुमचा राग येतो. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, तरी कमी होत नाही. तुम्ही वाईट नव्हतात, हे माहीत असून येतो.

हे पत्र कुठे टाकणार? पण एक सांगायचं राहिलं. काल पुण्याहून लेकीचा फोन होता. खंड आणल्याचं सांगितलं, तर तिनं सहज विचारलं, "आई, तुझ्यानंतर हे सगळं कुणाकडे?" लहानपणी आजोळी आली की माझ्या मांडीवर बसून ती हेच खंड वाचत वाढली. आणि मी, क्षणाचाही विचार न करता, म्हणाले, "मामाच्या मुलाला देईन. तुझ्या सासरी कुठे ठेवशील एवढं?" ती "बरं" म्हणाली. मी अजून तिला उलटून फोन केलेला नाही.