चौदावा दिवस

१ जुलै १९७४, सोमवार. भोकरदन.
नवी वही, नवा संकल्प. पुढच्या वर्षी याच सुमारास घरात पाळणा हलणार. लग्नाला अकरा वर्षं झाली. उमाने उपास केले, आईने नवस केले, सायन्स मात्र कोणी वापरलं नाही. मी हायस्कुलात अकरावीला फिजिऑलॉजी शिकवतो आणि माझ्याच घरात ही अवस्था! आता प्रकरण मी हातात घेतलं आहे.

थिअरी सोपी आहे. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी, वाटाण्याएवढी, पण तीच हेडमास्तर. ती सर्क्युलर काढते, म्हणजे रक्तात हार्मोन सोडते. पहिल्या सर्क्युलरने बीज पिकतं, दुसऱ्याने चौदाव्या दिवशी बाहेर पडतं. उमाकडे ही सर्क्युलरं वेळेवर पोचत नसावीत. पुरुषाचं काम साधं. त्याला तारखा नाहीत, म्हणून घोळही नाही.

१० जुलै.
उमा चार दिवस बाजूला बसली होती. आज न्हाऊन स्वयंपाकघरात आली. कॅलेंडरवर लाल शाईने १ लिहिला. चौदावा दिवस तेवीस तारखेला. उमा काहीतरी सांगणार होती. म्हटलं, हे सायन्स आहे, तू यात पडू नकोस.

१९ जुलै. जालना.
विज्ञान शिक्षकांचं शिबिर, तीन दिवस. निघताना उमाने विचारलं, आजच जायला पाहिजे का? भाबडी आहे. तेवीसला अजून चार दिवस आहेत.

३ ऑगस्ट.
उमा पुन्हा बाजूला. प्लॅन बराबर होता, हार्मोनने ऐकलं नाही. आई माजघरातून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली. उमा कोपऱ्यात घोंगडीवर बसून गोधडीला टाके घालत होती. तिने मान वर केली नाही.

२१ ऑगस्ट.
वर्गात पिट्युटरी. शिवकन्या म्हणून एक मुलगी आहे, ती उभी राहिली. सर, ही ग्रंथी पुरुषात न्हाई का? म्हटलं, आहे. हार्मोन? तेच. मंग तिथं कधी बिघाड होत न्हाई का? पोरं माना खाली घालून हसायला लागली. प्रश्न सिलॅबसबाहेरचा आहे, असं सांगून बसवलं. पुरुषांचं पान, एकशे नऊ, मी दर वर्षी सोडतो. परीक्षेला येत नाही.

१५ सप्टेंबर, रविवार.
आईने मुदत दिली. दिवाळीपर्यंत थांबते म्हणाली, मंग उमाला भावाकडे कुंभार पिंपळगावला धाडायचं, फारकतीचा कागद करायचा आणि दुसरी आणायची. जाफराबादची एक मुलगी तिने हेरून ठेवली आहे. उमा शेजारीच भाकरी वाढत होती. मी ठामपणे गप्प राहिलो. उद्या आईशी स्पष्ट बोलणार.

१६ सप्टेंबर.
आईचं डोकं दुखत होतं.

१७ सप्टेंबर.
शाळेत मराठवाडा मुक्तिदिनाचं भाषण केलं. अन्यायापुढे मान झुकवू नका, या विषयावर. टाळ्या पडल्या. आईशी बोलायला वेळ मिळाला नाही.

७ ऑक्टोबर.
इन्स्पेक्शन. साहेबांनी वर्गातच विचारलं, एकशे नऊ का वगळलंत? पान उलटावं लागलं. आत लिफाफा. टपाल आहे म्हणून खिशात घातला आणि धडा कसाबसा संपवला.

औरंगाबादच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी, मार्च १९७१ची. तेव्हा उमा भावाबरोबर तपासायला गेली होती. मला पेपर तपासायचे होते, पुढे काय झालं ते विचारायचंही राहिलं. ‘पत्नीच्या सर्व तपासण्या व्यवस्थित. पतीची तपासणी करून घ्यावी.’

उमाला विचारलं. म्हणाली, तोंडावर सांगायची छाती झाली न्हाई. म्हणून पुरुषाच्या पानात ठेवली, शिकवताना तरी तुमच्या हाताला लागेल.

साडेतीन वर्षं. एवढी वर्षं ती आईची बोलणी ऐकत राहिली.

अर्थात डॉक्टरही चुकतात. औरंगाबादला जाऊन नॉर्मलचं सर्टिफिकेट आणतो, म्हणजे विषय संपेल.

१९ ऑक्टोबर. औरंगाबाद.
तपासणीला दिलं. कंपाउंडरने दहा माणसांत बाटली हातात दिली आणि नाव विचारलं. घाईत तातेराव सांगितलं. तातेराव आमचे ड्रॉइंगचे मास्तर. त्यांना पाच मुलं आहेत.

२६ ऑक्टोबर.
रिपोर्ट मिळाला. तातेराव यांच्यात शुक्राणू आढळले नाहीत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिट्युटरीचे हार्मोन कमी पडत असतील, आणखी तपासण्या करू, यात तुमचा काही गुन्हा नाही. हार्मोन तेच दोन, माझ्याच धड्यातले. बसमध्ये तातेरावांची पाच मुलं आठवून हसू आलं. मग फुलंब्रीपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडलो.

उमाला सांगितलं. तिने पाणी आणून दिलं. आईला मी स्वतः सांगणार. तसं उमाला वचन दिलं आहे.

१३ नोव्हेंबर.
लक्ष्मीपूजन. फराळ झाला की सांगायचं ठरवलं होतं. सणाच्या दिवशी आईचं मन कशाला मोडा? चकल्या छान झाल्या होत्या. उमाने केल्या.

१५ नोव्हेंबर. भाऊबीज.
उमाचा भाऊ केशव न्यायला आला. आई म्हणाली, ट्रंक संग घेऊन जा, परत यायची जल्दी न्हाई. उमाने माझ्याकडे पाहिलं. मी ट्रंक उचलली.

स्टँडपर्यंत मनात वाक्य जुळवत होतो. बस लागली. चढताना उमा म्हणाली, मोजणी पहिल्या दिवसापासून धरायची असते, न्हाल्यापासून न्हाई. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं. शाळेत पोरींना तरी बराबर सांगा.

म्हणजे चौदावा दिवस एकोणीस जुलै. मी जालन्याला होतो. तसा घरी असून उपयोग नव्हता, पण तिने थांबायला सांगितलं होतं.

१ डिसेंबर, रविवार.
जाफराबादची मंडळी आली. मुलगी बावीस वर्षांची, मान खाली घालून बसली होती. तिच्या मामांनी विचारलं, आधीच्या बाईंची बराबर तपासणी केलती ना? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सायन्सचा मास्तर.

म्हटलं, हो, पूर्ण तपासणी झाली आहे.

आईने पोहे आणले. सगळ्यांनी खाल्ले, मीही खाल्ले.

मंडळी गेल्यावर फिजिऑलॉजीचं पुस्तक काढलं. चिठ्ठी मी परत एकशे नऊमध्येच ठेवली होती. ती आईच्या पोथीत ठेवावी, असं मनात आलं. पोथी उघडली, आणि मिटून ठेवली. उमाला तोंडावर बोलवेना, तर तिने चिठ्ठी तरी ठेवली होती. मला तेवढंही जमलं नाही.