स्नायू फक्त उजवीकडे वाढतोय

४ फेब्रुवारी, मंगळवार
आज मेहुणा जेवायला आला. कपाटं, फ्रिज उचलून घरोघरी पोचवायचा त्याचा धंदा. बिनबाह्यांचा बनियन घालून बसला होता. आमची कन्या त्याच्या दंडाला लटकून झोके घेत होती. मग म्हणाली, बाबा, आता तुझा. लटकली. दंड खाली आला, पाठोपाठ मीही. सगळे हसले. बायको जरा जास्तच.
निश्चय: शरीर कमवायचं. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरला दिवसभर बसून राहावं लागतं. यात माझा काहीच दोष नाही.

७ फेब्रुवारी
जिममध्ये नाव नोंदवलं. उद्यापासून.

१० फेब्रुवारी
गेलो. अंग ठणकतंय. व्यायाम हा प्रकार फार हळू आहे. जिममध्ये एक गृहस्थ असतो, त्याला सगळे प्रोफेसर म्हणतात. कशाचा, ते कोणी विचारत नाही. माझ्याकडे एकवार बघून म्हणाला, तुमच्या हाडापेराला व्यायाम कमी, स्टेरॉइडचं इंजेक्शन जास्त मानवेल. पहिल्या भेटीत ओळखलं मला.

१२ फेब्रुवारी, बुधवार
बाटली मिळाली. ‘अंडरग्राउंड लॅब’चा माल आहे म्हणे. छान. तळघरात धूळ कमी. लेबल जरा तिरकं आहे आणि ‘स्टराइल’चं स्पेलिंग चुकलंय, पण हाताने चिकटवलंय, म्हणजे प्रत्येक बाटलीकडे जातीने लक्ष.
वास नेलपॉलिश आणि ऑइलपेंट यांच्या मधला. कसला, विचारलं. प्रोफेसर म्हणाला, सॉल्व्हंटचा. पावडर नुसत्या तेलात विरघळत नाही, म्हणून घालावं लागतं. सॉल्व्हंट म्हणजे गाडी, औषध म्हणजे पॅसेंजर. प्रमाण काय, विचारलं. म्हणाला, अंदाजाने, पावडर दिसेनाशी होईपर्यंत.
आपल्या भाषेत समजावून सांगणारी माणसं हल्ली कुठे भेटतात!

१३ फेब्रुवारी, सकाळ
घेतलं. उजव्या कुल्ल्यात. आरशात मागे वळून बघताना मान लचकली, पण हात स्थिर. लगेच खोकल्याची उबळ. तोंडात रंगाची चव. जरा वेळ भिंत धरून उभा राहिलो. फुप्फुसं रुंदावत असावीत.
बायकोने बाहेरून विचारलं, आत काही रंगवताय का? नाही म्हटलं. खोटं बोललो नाही.

१५ फेब्रुवारी
औषधाचा एक थेंब थर्माकोलच्या खोक्यावर सांडला. भोक पडलं! सकाळी भरून ठेवलेल्या सिरिंजचा रबरी दट्ट्या संध्याकाळपर्यंत फुगून अडकून बसला. थर्माकोल खातं, रबर फुगवतं. माझ्या चरबीची काय बिशाद?
नवी सिरिंज आणून घेतलं. प्रोफेसरला फोन करून हे सगळं सांगितलं, तर त्याने पुढचं न ऐकताच फोन ठेवला. भारावला असणार.

१७ फेब्रुवारी
यश! उजवी बाजू टणक आणि चांगली फुगलेली. फक्त उजवी. डावीचं नंतर बघू. एका वेळी एकच काम नीट करावं.
बसता येत नाही.

१८ फेब्रुवारी
माझ्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका शिकायला येतात. गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढे नेत नाहीत. ब्रेक मारत नाहीत, कारण माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक आहे हे त्यांना ठाऊक. आज मी मुलीची पोहायची ट्यूब सीटवर ठेवून तिच्यात बसलो. मॅडम म्हणाल्या, “मास्तर, आपण बुडणार आहोत का?” सेफ्टीची नवी पद्धत आहे, म्हणून सांगितलं.
चौकात समोर सायकलवाला आला. ब्रेक मारायला गेलो तर डोळ्यांपुढे काजवे. पाय उचलेचना. बोंब मारली. मॅडमनी दचकून स्वतःच ब्रेक मारला. पहिल्यांदाच!
माझ्या शिकवण्याला फळ येतंय.

१९ फेब्रुवारी
पुढचा डोस. त्याच बाजूला. बसायला एक तरी बाजू हवी.

२० फेब्रुवारी
अंगात ताप, मधूनच हुडहुडी. चरबी जळतेय. इंजिनवर जोर आला की ते तापतंच. उजवी बाजू लाल, चकचकीत, हात लावावा तर गरम.
बायकोने विचारलं, “अहो, वाकडे का चालताय?” म्हटलं, पहिलवान असेच चालतात. म्हणाली, ते दोन्हीकडून वाकडे चालतात. डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली. स्नायू पाहून डॉक्टर काय करणार? उद्या जाऊ म्हटलं.

२१ फेब्रुवारी
आज नको. जेवण नको. चालणंही नको. प्रगती चालू आहे.

२३ फेब्रुवारी, हॉस्पिटल
पालथा पडून लिहितोय. अक्षराकडे दुर्लक्ष करावे.
काल मॅडमची टेस्ट तोंडावर आली म्हणून क्लासला गेलो. गाडीत बसताच घाम फुटला, दात वाजायला लागले. मॅडमनी कपाळाला हात लावून पाहिला आणि वर्गातल्या पोराला विचारावं तसं विचारलं, “काय केलंत?” सगळं सांगून टाकलं. बायकोला नाही सांगितलं ते. त्या आवाजापुढे कोणाचंच चालत नसणार.
म्हणाल्या, “मागच्या सीटवर जा. पालथे पडा.”
“मॅडम, मग ब्रेक कोण मारणार?”
“मी. आता तोंड मिटा.”
दुसरा गिअर पडला. तिसरा. मग, मी श्वास रोखून ऐकत होतो, चौथा! एक हिसका नाही, एकदाही गाडी बंद पडली नाही. मागच्या सीटवरून, पालथं पडून, तोंड मिटून मी इतकं उत्तम कधीच शिकवलं नव्हतं.
डॉक्टर अगदी तरुण. बघताच ‘अ‍ॅब्सेस’ म्हणाले. मी म्हटलं, स्नायू आहे. म्हणाले, पू आहे. संध्याकाळी चिरून वाटीभर काढला. त्यांचं म्हणणं, असलं घरगुती सॉल्व्हंट प्रमाणाबाहेर गेलं की आतलं मांस भाजून निघतं. मेलेल्या मांसात जंतू घर करतात. तुमच्या तर रक्तात शिरायला लागले होते, आणखी उशीर केला असतात तर पायाचंच काय, जिवाचंही मी सांगू शकलो नसतो.
मी गाडी-पॅसेंजरचा मुद्दा मांडला. म्हणाले, बाटलीत पॅसेंजर होता की नाही देव जाणे, गाडी मात्र घरात घुसली.

२४ फेब्रुवारी
काल रात्री झोप नाही. किडनी आणि लिव्हरचे रिपोर्ट यायचे होते. घाबरलो नव्हतो. सहज जागा होतो.
बायको सकाळी आली. बाटली तिला न्हाणीघरात सापडली होती. ती माझ्या उशाशी ठेवून म्हणाली, त्या दिवशी मी तुमच्या दंडाला नाही हसले. पडताना तुम्ही पोरीला वरच्यावर उचलून धरलंत आणि स्वतः पातेल्यात बसलात, त्याला हसले. आणि रडायला लागली.
पातेल्याचं मी विसरलो होतो.
रिपोर्ट आले. ठीक आहेत. उशी ओली झाली ती सलाइनची नळी गळत असल्यामुळे.

२५ फेब्रुवारी
मेहुण्याने मला उचलून बाथरूमला नेलं. फ्रिजपेक्षा हलके आहात, म्हणाला. वजन कमी झालंय तर!
प्रोफेसरचा फोन बंद. बिचारा कामात असेल. डॉक्टर म्हणतात, बाटली तपासायला देऊ आणि तक्रारही करू. बायकोने माझ्या वतीने हो म्हटलं. मीही म्हणणारच होतो.

२७ फेब्रुवारी
मॅडम पेढे घेऊन आल्या. पास! टेस्ट घेणाऱ्याने विचारलं, एवढा आत्मविश्वास आला कुठून? त्या म्हणाल्या, आमच्या मास्तरांनी मागे पडून राहायचं ठरवलं म्हणून. बायको खूप हसली. बऱ्याच दिवसांनी. मला पालथं असल्यामुळे नीट हसता आलं नाही, पण प्रयत्न केला.

१ मार्च
सकाळी डॉक्टर पाच-सहा विद्यार्थ्यांना घेऊन आले. पडदा ओढला, चादर बाजूला केली. सगळे वाकून वाकून बघू लागले. माझं शरीर इतक्या माणसांनी इतकं मन लावून आजवर पाहिलं नव्हतं. एक मुलगी तर ‘बाप रे!’ म्हणाली. मागच्याला दिसत नव्हतं, तो टाचा उंचावत होता.
डॉक्टरांनी विचारलं, शिकवायला उपयोगी पडेल, फोटो घेतला तर चालेल का? चालेल म्हटलं. उजेड कुठून येतोय ते विचारून घेतलं. पोट आत ओढून धरलं.
म्हणाले, अवघडू नका, चेहरा येणार नाही.
तरी हसलो.