एका शर्टाचे दोन शर्ट

४ मार्च

पट्टी सुटली. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू गेला आणि माझ्या पांढऱ्या शर्टाचे दोन शर्ट झाले! उजव्या डोळ्याने दुधासारखा, डाव्याने चहा सांडल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, "डाव्यातला मोतीबिंदू अजून आहे ना, तो पिवळं दाखवतो. होईल सवय."

सवय! कापड गिरणीत रंगाच्या शेड जुळवून पोट भरणाऱ्या माणसाला!

५ मार्च

हिचा भाऊ चौकशीला आला. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो, त्यामुळे चौकशी राहिली बाजूला.

"भावजी, डोळा कधीच चुकत नाही. तो फक्त दाखवतो. चुकतो तो आपला निर्णय."

म्हटलं, "निर्णय ठाम आहे. शर्ट एकच, आणि पांढरा. तरी डावा पिवळंच दाखवतो. आता चुकलं कोण?"

"प्रश्न गहन आहे," म्हणाला आणि आणखी एक कप चहा मागितला.

ही आतून — "देवाने दोघांना डोळे दिले, तोंडं दिली. कामं द्यायची तेवढी राहिली!"

७ मार्च

कामावर गेलो. मालकांनी निळ्या कापडाचे दोन तुकडे पुढे केले. "जुळतात?"

डावा झाकला — छे! उजवा झाकला — हुबेहूब.

"कोणत्या डोळ्याचं उत्तर हवंय?"

मालकांना विनोद कळला नाही. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत रजा. बिनपगारी, अर्थात. एवढं कौतुक कुठे ठेवू!

८ मार्च

दिवसभर घरात एकेक डोळा मिटून बघत फिरलो. ही म्हणाली, "भिंतींना डोळे मारणारा नवरा तेवढा बघायचा राहिला होता."

९ मार्च

मेहुण्याचा फोन. माझं उदाहरण वर्गात सांगितलं म्हणे, पोरं हमरीतुमरीवर आली! छान. नोकरी माझी टांगली, तास याचा रंगला.

मन म्हणतं पांढरा, डोळा म्हणतो पिवळा. माझ्या मते डोळाच खोटारडा. मनाच्या बापाचंही ऐकत नाही.

११ मार्च

ही सकाळी खिडकीपाशी सुई ओवत होती. "जरा ओवून द्या. नव्या डोळ्याचा काही उपयोग होऊ दे!" म्हणत तिने मान वर केली.

तिच्या डोळ्यांतलं पांढरं — पिवळं.

डावा झाकला. नुसत्या उजव्याने पाहिलं. दोरा पांढरा. पडदा पांढरा. तिचे डोळे पिवळेच.

"असं काय बघताय?"

"काही नाही."

डॉक्टरांकडे उद्याची वेळ घेतली आहे. तिच्यासाठी. तिला अजून सांगितलं नाही.

चूक रे, डोळ्या. एवढ्या वेळी तरी चूक.