बदलांची फाइल

सोमवार, ३ तारीख

नवी नोकरी, नवी वही. ताईनं सकाळीच बजावलं की पहिल्या दिवशी कुणाची अक्कल काढू नकोस. आईच्या माघारी तिनंच मला लहानाचं मोठं केलंय, त्यामुळे माझी जीभ तिला पुरती ठाऊक आहे. जपून बोललो. फक्त एकाचीच काढली.

रुग्णालयाच्या तळमजल्यावर आमचा संगणक विभाग. दोन टेबलं, एक खिडकी आणि चौसष्ट यंत्रांचा कारभार. काम माझ्या आवडीचं आहे. जुन्या डिस्कवरून एक यंत्र उभं करायचं तर आधी सिस्टिम, मग एकेक अपडेट, मग प्रिंटरचे ड्रायव्हर, असा अख्खा दिवस खर्ची पडतो. मला हे सगळं एकाच नव्या डिस्कमध्ये बसवायचंय. डिस्क घालावी आणि माणसानं खुशाल जेवायला जावं.

साहेब, म्हणजे आमचे विभागप्रमुख, फार गोड बोलतात. डिस्क नीट झाली तर कायम करतो म्हणाले. ताईला सांगितलं तर तिला रडूच आलं. एवढं काय त्यात, म्हटलं, पण मलाही आनंद झाला होता.

बुधवार, ५

जुनी डिस्क फोल्डरमध्ये उतरवून घेतली. ती मास्तरांनी केलेली. ते माझ्या आधी इथं होते. प्रत्येक गोष्ट दोनदा समजावून सांगायचे, म्हणून हे नाव पडलं. नोंदणीतल्या बाईंनी त्यांची हकिगत सांगितली. गेल्या वर्षी त्यांच्या डिस्कनं एका वॉर्डच्या सगळ्या नोंदी पुसल्या. मास्तरांना काढून टाकलं. चौथ्या दिवशी आपलं सामान न्यायला आले आणि माझ्या याच खुर्चीत गेले. मी लगेच खुर्ची बदलून घेतली. सगळे हसले.

पण माणसाचं काम काय देखणं. डिस्कवर एक ‘बदल’ नावाची फाइल आहे. केलेला प्रत्येक बदल तारखेसकट, आणि पुढे तो करायला कुणी सांगितलं त्याचं नाव. मीही हाच नियम पाळणार.

शुक्रवार, ७

चौऱ्याण्णव अपडेट क्रमानं बसवले. क्रम चुकला तर जुनं नव्याच्या डोक्यावर बसतं. मग ‘बदल’ची शेवटची नोंद वाचली. ‘पुसण्याआधीचा प्रश्न काढला. सांगणारे: साहेब. मी दोनदा नको म्हटलं.’

सिस्टिम नव्यानं घालताना यंत्रावरचं सगळं पुसलं जातं. मास्तरांची डिस्क त्याआधी एकदा विचारायची, खरंच पुसायचं का. वेळ वाचावा म्हणून साहेबांनी तो प्रश्न काढायला लावला. मग कुणीतरी भलत्याच यंत्रात डिस्क घातली आणि वॉर्ड गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी. माझं डोकं असं फिरलं की तडक साहेबांच्या खोलीत गेलो.

सोमवार, १०

साहेबांचा आवाज जराही चढला नाही. मेलेल्याला अब्रू लागत नाही, जिवंताला नोकरी लागते, एवढंच म्हणाले. मग हुकूम, नव्या डिस्कमध्येही तो प्रश्न नको, आणि ती नोंद बदल. आज बदलली. ‘सांगणारे: कुणी नाही. मास्तरांनी परस्पर काढला.’ माझ्या हातानं लिहिलं.

जिन्यात नोंदणीतल्या बाई भेटल्या. मास्तरांची बायको अजून विचारते, त्यांच्या कामात काही सापडलं का म्हणून. मी नाही म्हटलं. लाज वाटते आहे, पण लिहिलेलं पुसलं नाही.

गुरुवार, १३

डिस्क तयार. शिल्लक यंत्रावर चालवली. अठ्ठावीस मिनिटं, एकही प्रश्न नाही. साहेबांनी पाठ थोपटली आणि दुपारपर्यंत नऊ यंत्रांवर घालून घेतली.

नंतर ‘बदल’ उघडली. माझ्या नोंदीखाली आणखी एक ओळ. ‘काढलं: साहेब. सांगणारे: मास्तर.’

कुणाचा तरी चावटपणा असेल. पण डिस्क एकदा बंद केली की तिच्यावर अक्षरही चढत नाही, आणि बंद मीच केली होती.

शुक्रवार, १४

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं साहेबांना आत सोडलं नाही. त्यांच्या दारावरची पाटी कोरी आहे, खरवडल्याची खूणसुद्धा नाही. नोंदणीतल्या बाई म्हणाल्या, मास्तर गेल्यापासून विभागाला प्रमुख आहेच कुठे. साहेब रस्त्यावर उभं राहून घरी फोन करत होते. बायकोनं दोनदा राँग नंबर म्हणून ठेवला, असं नंतर पहारेकऱ्यानं सांगितलं.

खरं सांगायचं तर मला मनापासून बरं वाटलं. करावं तसं भरावं. मी खिडकीत उभा राहून पाहत होतो.

शनिवार, १५

आणखी एक ओळ.

‘काढलं: ज्यानं खोटं लिहिलं तो. सांगणारे: मास्तर.’

सोमवार, १७

डिस्क मोडून टाकली. ओळ नऊही यंत्रांवर आहे. फोल्डरमध्ये खरी नोंद परत लिहिली, प्रश्न परत घातला. नवी डिस्क काढतो तर बिघडते. पाच बिघडल्या —

रुग्णालयाच्या विश्वस्तांना सगळं खरं लिहून दिलं. साहेबांचं, माझंही. नोंदणीतल्या बाईंनी पत्र वाचलं आणि सौम्यपणे विचारलं, आपण कोण. या नावाचा माणूस पटावर नाही म्हणाल्या. कुठले साहेब, तेही विचारलं.

मंगळवार, १८

माझ्या टेबलाला कुलूप. किल्ली लागत नाही.

मागे कुणीतरी आहे. रागावत नाही. समजावतं. प्रत्येक गोष्ट — दोनदा. तू लिहिलंस. तू लिहिलंस.

चुकलो म्हटलं. रडत म्हटलं. तर तेवढ्याच शांतपणे — मीही नको म्हटलं होतं. मीही नको म्हटलं होतं.

बुधवार, १९

ताईनं दार उघडलं. कोण हवंय, विचारलं. मला वाटलं थट्टा. मग तिचे डोळे पाहिले —

ती म्हणाली, मी एकुलती एक आहे. भावोजी मागे येऊन उभे राहिले.

पाणी मागितलं. तिनं आणून दिलं. सावकाश प्या दादा, म्हणाली. मला. दादा —

पायरीवर बसून लिहितोय. आईचा चेहरा आठवत नाही. वहीवर नाव लिहिलं होतं, तिथं कोरं —

लवकर करायला हवं. दार वाजवतो. सरळ सांगतो. ताई, मी तुझा —