चर्च लेनमध्ये उघडणारे दार

मी, बर्नाडेट लव्हरिज, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त सुईण, राहणार हॅझलबरी, चर्च लेन आणि पंप स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचे घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी अकरा वर्षे आणून पाहिला, त्यांनाही जमले नाही.

१. बाळांचे वजन करण्याचा माझा काटा कथबर्ट स्प्रेग या खाटकाला द्यावा. जन्मला तेव्हा तो याच काट्यावर साडेनऊ पौंड भरला होता. तेव्हापासून ओरडतोच आहे.

२. बचत चर्चच्या छपरासाठी. गायकांसाठी नव्हे, ते बेसूर गातात.

३. घर माझी भाची इमेल्डा हिला, पण एका अटीवर. गावच्या खऱ्या कौन्सिलने पंप स्ट्रीटला कधी विचारले नाही, म्हणून आमच्या पणजोबांनी दर उन्हाळ्यात गल्लीचा स्वतःचा लटका महापौर निवडायला सुरुवात केली. ज्याचे दार गल्लीत उघडते, त्यालाच मत आणि त्यालाच उमेदवारी. माझ्या तीन खिडक्या पंप स्ट्रीटवर आहेत, दार मात्र चर्च लेनमध्ये. गेल्या जूनमध्ये मी अर्ज घेऊन गेले, तेव्हा मतपेटी सांभाळणारा कथबर्ट म्हणाला, "मिस लव्हरिज, तुम्ही आमच्या गल्लीतल्या नाही हो. नियम म्हणजे नियम."

"अरे, तुझ्या आईला कळा आल्या, तेव्हा माझं दार कुठं उघडतं हे कुणी विचारलं होतं का?"

सगळे हसले. अर्ज परत आला. अर्धी गल्ली मी या हातांनी जगात आणली आहे, आणि मी गल्लीतली नाही! सबब, माझ्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत मधली खिडकी फोडून पंप स्ट्रीटवर दार काढावे, आणि इमेल्डाने निवडणुकीला उभे राहावे.

४. वरील अट रद्द. साक्षीला आलेला ऑस्विन पेलहॅम गवंडी आहे. अट वाचून तो म्हणाला, "बाई, त्यासाठी मरायला कशाला हवं? सोमवारी मी रिकामाच आहे."

दुसऱ्या साक्षीदार हिल्डा म्हणाल्या, "आणि भाचीला कशाला पुढं करता? तुम्हीच उभ्या राहा की!"

सबब, घर इमेल्डालाच, दोन्ही दारांसह. तिने घाई करू नये. एकवीस जूनला मतदान आहे, आणि उमेदवार मी आहे.

सही: बर्नाडेट लव्हरिज

आम्हां दोघांच्या देखत सही झाली:
ऑस्विन पेलहॅम, गवंडी
हिल्डा ग्रिमशॉ, शेजारीण

हॅझलबरी, शुक्रवार, ९ मे २०१४