चकतीतला चेपलेला गोल

३ फेब्रुवारी, सोमवार

घडले ते क्रमाने नोंदवते. मागाहून कोणी फाटे फोडायला नकोत.

पहिले: वय छप्पन्न. गेली बावीस वर्षे दहा मीटरवर एअर पिस्तूल चालवते आहे आणि त्यांतली अकरा वर्षे क्लबच्या चौघांच्या संघात आहे. दुसरे: गेल्या वर्षभरात मागच्या साइटची, म्हणजे नेम धरायच्या पट्टीची, खाच धूसर दिसू लागली. खाचेच्या दोन कडा आणि पुढची काडी यांमधल्या प्रकाशाच्या फटी सारख्या आहेत की नाहीत, हे आता मी पाहत नाही, अंदाजाने ठरवते. अंदाज हा शब्द मला आवडत नाही. तिसरे: म्हणून खाचेच्या जागी गोल भोक असलेली चकती बसवायची मी परवानगी मागितली. क्लबच्या नियमात ‘भिंग नसलेली धातूची साइट’ एवढेच आहे, त्यामुळे नाही म्हणणे समितीला जमले नाही. चौथे: त्यांनी अट घातली. तीन रविवार सराव करायचा, आणि तिसऱ्या रविवारी, म्हणजे २३ तारखेला, साठ फैरींत सहाशेपैकी किमान साडेपाचशे गुण मिळवायचे. कमी पडले तर संघातली जागा गेली.

सेक्रेटरी म्हणाले, “बाई, अट कडक वाटत असेल तर…” मी म्हटले, वाटत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

चकती आली. क्लबची पिस्तुले दुरुस्त करतो त्याच टर्नरने लेथवर केली आहे. पोलादी, काळी, भोक सात मिलिमीटर. मोजले, व्यास बरोबर.

लोकांचा एक गैरसमज आहे, तो इथे खोडून ठेवते. रायफलीवर अशी चकती डोळ्याला जवळजवळ टेकलेली असते. तिची कडा विरघळून जाते आणि डोळा आपोआप मध्य शोधतो. पिस्तूल डोळ्यापासून हातभर लांब असते. तिथे कडा विरघळत नाही, ती दिसते. नेमबाजाने त्या गोलात पुढची काडी स्वतः मधोमध ठेवायची असते. म्हणून पिस्तुलावरच्या चकतीत सगळे काही कडेवर अवलंबून असते. कडा निर्दोषच हवी.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिले वीस उत्तम. गोल मला खाचेपेक्षा प्रामाणिक वाटला.

मग कडा खटकू लागली. घड्याळाची तबकडी धरली तर चार वाजण्याच्या जागी गोल किंचित आत दबलेला दिसतो, हलक्या हाताने चेपलेल्या डब्यासारखा. छर्रे नेमके उलट बाजूला, दहा वाजण्याकडे सरकतात. कधी लक्ष्यावरचे एक रिंगण, कधी तीन. दोष कायम एकसारखा असता तर स्क्रू फिरवून मी तो काढून टाकला असता.

एकूण ५४६. चकती परत पाठवते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर प्रयोगशाळेत इतरांची मापे तपासणे हा माझा पेशा. सव्वीस वर्षांत मी कारखान्यांची शेकडो मापे नापास केली आणि एकदाही मला शब्द मागे घ्यावा लागला नाही. त्यामुळे मागून मला ‘मायक्रॉनबाई’ म्हणतात हे ठाऊक आहे. त्यात अपमान कुठे आहे ते मला कळलेले नाही.

धाकटी बहीण म्हणाली, “ताई, दोनदा चहा बशीत ओतलास आज.” माझ्या डोक्यात चकती होती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

टर्नरच्या कार्यशाळेत गेले. खोली अरुंद, लेथ एकच, पण भिंतीवरचे प्रत्येक हत्यार आपापल्या खिळ्याला. हे मला मान्य करावे लागेल. नवी चकती त्याने माझ्यासमोर केली. मी डावा डोळा मिटून, हात लांब करून खिडकीच्या उजेडात धरली. चार वाजता चेपलेली.

“इथे दबले आहे.”

त्याने भिंगाखाली घेतली, बोटाने कडा चाचपली, पुन्हा भिंगाखाली घेतली. “मॅडम, गोल आहे. या लेथने आजवर चौकोनी भोक पाडलेलं नाही.”

“विनोद नको, काम हवे.”

“काम तर तुमच्या हातात आहे.”

त्याचा तो शांतपणा मला उद्धट वाटला. तिसरी चकती करायला सांगून निघाले. निघताना दाराची कडी एका झटक्यात हाताला लागली नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

५४१.

दुसऱ्या चकतीवर. तोच दोष, त्याच जागी. एका माणसाने दोन चकत्यांत एकच चूक करावी, याचा अर्थ त्याचा लेथ बिघडला आहे किंवा त्याची दानत. घरी येऊन सेक्रेटरींना लेखी तक्रार दिली: मोजके शब्द, सहा वाक्ये, एकही विशेषण नाही. अशा कारागिराकडे क्लबची पिस्तुले देणे सुरक्षित आहे का, याचा समितीने विचार करावा, हे सहावे वाक्य.

धाकटी वाचून म्हणाली, “विशेषण नाही, पण लागतं मात्र जोरात.”

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सेक्रेटरींचा फोन. क्लबचे सगळे काम टर्नरकडून काढून घेतले. “तुम्ही म्हणता म्हणजे तपासायचं काय राहिलं?”

हे ऐकून बरे वाटले. तसेच लिहून ठेवते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काम काढून घेतले असतानाही टर्नरने तिसरी चकती पूर्ण केली. परत पाठवलेल्या पहिलीसकट घरी आणून दिली, आत यायला तयार नव्हता. तिसरीच्या बाहेरच्या कडेवर, भोकापासून लांब, त्याने एक बारीक ठिपका कोरला होता.

मी विचारले, हे कशाला?

“खूण आहे, मॅडम. ठिपका वर ठेवून बघा, मग खाली ठेवून बघा. भोक दबलेलं असेल तर दबलेली जागा ठिपक्याबरोबर फिरेल.” मग पायरी उतरता उतरता, “क्लबचं काम अठरा वर्षं करत होतो. तेवढंच सांगायचं होतं.”

मापनशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या मला लेथवरच्या माणसाने तपासणीची पद्धत शिकवली. पद्धत बरोबर आहे. ती मला पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती. राग कोणावर काढावा ते कळेना, म्हणून भांडी घासली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी, खिडकीसमोर, पिस्तूल रिकामे.

ठिपका वर. चेपले चार वाजता.
ठिपका उजवीकडे. चेपले चार वाजता.
ठिपका खाली. चेपले चार वाजता.

पहिली चकती बसवली. चार वाजता. दुसरी. चार.

नेम धरताना डाव्या डोळ्यावर मी नेहमी झापड लावते, सगळेच लावतात. बावीस वर्षांत नेम धरताना साइटकडे माझ्या डाव्या डोळ्याने एकदाही पाहिलेले नाही. झापड काढली आणि उजव्या डोळ्यावर लावली.

गोल. निखळ, पूर्ण गोल. तिन्ही चकत्यांत.

प्रयोगशाळेत आलेख-कागदावर मधोमध ठिपका काढून पाहिले. डाव्या डोळ्याला सगळ्या रेषा सरळ. उजव्याला ठिपक्याखाली, उजवीकडे, चार-पाच चौकटी वितळल्यासारख्या वाकतात. कागदावर तारीख घातली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्याचे चित्र काढून दाखवले. दृष्टीच्या अगदी मध्याजवळ सूज आहे. उपचार आहेत, पूर्ण बरे होण्याची हमी नाही. “कधीपासून आहे?” मी म्हटले, माझ्या नोंदीप्रमाणे नऊ तारखेपासून, खरे म्हणजे वर्षभर. त्यांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिले. दृष्टीचा नवा दाखला लिहून दिला.

दाखला पर्समध्ये आहे. उद्या तेवीस तारीख.

धाकटीला सांगितले. ती म्हणाली, “उद्या नको जाऊस, ताई.”

“जाणार.”

“मग त्यांना सांगून तरी जा.”

दोष कुठे आहे ते आता मला ठाऊक आहे, आणि ठाऊक असलेल्या दोषाभोवतून मार्ग काढणे हेच मी आयुष्यभर केले. चेपलेली बाजू सोडून द्यायची. वरची डावी कमान धड आहे; काडी तिच्यापासून तोलायची. संध्याकाळी भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर दोनशे वेळा रिकामा चाप ओढला.

२३ फेब्रुवारी, रविवार

५५३.

शेवटच्या दहांत ९५. हात एकदाही डळमळला नाही. या सगळ्या वर्षांत याहून शिस्तीचे साठ मी मारलेले नाहीत, आणि ही बढाई नाही, मोजमाप आहे.

संघातल्या तिघांनी पाठ थोपटली. सेक्रेटरी म्हणाले, “बघा, कारागीर बदलला की चकतीही सुधारते.” चकती टर्नरचीच होती, तिसरी, ठिपक्याची. मी त्यांना तसे सांगितले नाही. पिस्तूल पुसले, पेटीत ठेवले, पेटी बंद केली. हसत होते मी त्या वेळी. ते हसू गाडीत बसेपर्यंत टिकले.

घरी येऊन क्लबची नियमपुस्तिका काढली. अकरावा नियम: ‘दृष्टीत बदल आढळल्यास सभासदाने तत्काळ लेखी कळवावे, नवा दाखला मंजूर होईपर्यंत त्याने रेंजवर उतरू नये.’ मसुदा माझाच आहे. ‘तत्काळ’ हा शब्द समितीशी तासभर वाद घालून मीच घालून घेतला होता.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सेक्रेटरींना आज दिलेल्या पत्राची नक्कल: ‘चकत्या तिन्ही निर्दोष आहेत. दोष माझ्या उजव्या डोळ्यात आहे. २२ तारखेचा दाखला जोडला आहे. तो हाती असताना मी काल रेंजवर उतरले, म्हणून नियम अकराप्रमाणे माझे ५५३ गुण रद्द करावेत आणि संघातली जागा पुढच्या सभासदास द्यावी. १६ तारखेची तक्रार, सहाव्या वाक्यासकट, मी मागे घेते. हे पत्र सूचनाफलकावर लावावे. टर्नरची क्षमा मागायला मी स्वतः जात आहे. नवा दाखला मंजूर झाल्यावर डाव्या हाताने, डाव्या डोळ्याने, त्याच साडेपाचशेच्या अटीवर मला पुन्हा चाचणी द्यायची आहे. क्लबचे काम टर्नरकडे कोणत्या तारखेपासून परत जाणार, याचे उत्तर आठ दिवसांत लेखी द्यावे. तोंडी उत्तर मी ग्राह्य धरणार नाही.’