कोणी पस्तावलं नाही, आबा

आबा, परवाच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये पाळकांनी उपदेशात तुमची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही, पण सुरतेच्या डिंडोलीतला एक लूम कारीगर म्हटल्याबरोबर दोन-चार माना माझ्याकडे वळल्या. मीच कधीतरी त्यांना अर्धंमुर्धं सांगितलं होतं, उरलेलं त्यांनी मनाने भरलं. कारीगराला शेजाऱ्यांनी छळलं, त्याने हसत सोसलं, प्लेगच्या साली त्याच शेजाऱ्यांच्या म्हाताऱ्या आईची सेवा केली, ते बघून शेजारी पस्तावले, पाया पडले, आणि कारीगराचं सगळं घर विश्वासात आलं. बायका डोळे पुसत होत्या. बाहेर पडताना पाळक म्हणाले, "ताई, पुढच्या महिन्यात तुम्हीच दहा मिनिटं साक्ष द्या. शेवट मात्र आनंदाचा करा." मी हो म्हणाले आणि घरी येऊन भांडी अशी घासली की लेक विचारायला आली, काय झालं. तिला काय सांगू? कोणी पस्तावलं नाही, आबा. कोणी पाया पडलं नाही. आणि माय शेवटपर्यंत तिच्या देवीचीच राहिली.

मी चौथीत होते तेव्हा लूमच्या चाकात तुमच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. कारखान्यातलं कोणी फिरकलं नाही. यायचा तो फक्त तुमच्या बाजूच्या लूमवरचा नवापूरकडचा कारीगर. आपल्या जातीचा नाही, भाषेचा नाही. रोज पाळी सुटल्यावर दवाखान्यात यायचा, तुमचा डबा उघडून द्यायचा, अंगावरची चादर नीट करायचा आणि जायचा. पंधरा दिवसांनी तुम्ही त्याला विचारलंत, "तू माझा कोण लागतोस?" तो लाजला म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी त्याने बायबलातला नवा करार आणून दिला. तुम्ही तो वर्षभर वाचलात. बोट ठेवून, अक्षर लावत, सातवी शिकलेला माणूस जसा वाचतो तसा. मग तापीत बाप्तिस्मा घेतलात. घरी येऊन मायला सांगितलंत तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. फळीवरच्या देवीच्या टाकाकडे बघून एवढंच म्हणाली, "हिला हलवाल तर मी माहेरी जाईन." तुम्ही म्हणालात, "मी नाही हलवणार. तुझ्या मनाने हलवशील तेव्हा हलव." तुम्ही तो टाक कधी हलवला नाहीत, आणि तिनेही नाही. दर मंगळवारी ती त्याला हळदकुंकू वाहायची आणि दर रविवारी तुमच्या माणसांसाठी सतरंजी अंथरून चहा टाकायची. नऊ-दहा माणसं यायची, एक ढोलकी असायची. गल्लीकडचं दार सताड उघडं. कोणीतरी म्हणालं, लावून घ्या जरा. तुम्ही म्हणालात, "लावायला आपण काय चोरी करतोय?"

मग आजोबा वारले. तुम्ही गावी गेलात, खांदा दिलात, अश्रू गाळलेत, पण पिंडाला बसायला नाही म्हणालात. थोरल्या काकांनी भाऊबंदांसमोर सांगितलं, "आजपासून तुझं-आमचं पाणी तुटलं. पुन्हा गावाची वाट धरू नको." तुम्ही परत आलात ते एक पिशवी घेऊन. आजीने चोरून दिलेले तुरीचे दाणे होते त्यात. गावची बातमी गाडीत बसून तुमच्याआधीच डिंडोलीत पोचली होती. आपल्या गल्लीत सगळे खानदेशातलेच. समोरच्या खोलीतले काका तर शेजारच्याच तालुक्यातले. त्यांच्या बायकोने, काकूंनी, नळावर मायची घागर पायाने बाजूला सारली. "तुमच्या घागरीचा थेंब आमच्यात नको," म्हणाल्या. माय म्हणाली, "अहो, माझी देवी अजून घरात आहे." काकू म्हणाल्या, "देवी असेल, पण घर बाटलंय." त्या दिवसापासून माय आणि मी रेल्वेलाइनच्या पलीकडून पाणी आणायला लागलो. मी सहावीत. खांदा सोलून निघायचा. तुम्हाला दाखवला तर तुम्ही त्यावर खोबरेल लावलंत आणि दुसऱ्या दिवसापासून पाळीवर जायच्या आधी स्वतः घागरी आणायला लागलात. नळावर जाऊन कोणाला एक शब्द विचारला नाहीत. मला त्याचा तेव्हाही राग होता आणि आता पन्नाशीकडे झुकतानाही आहे.

प्लेगच्या साली काय झालं ते पाळकांना कळलेलंच नाही. त्यांना वाटतं तुम्ही प्रेमापोटी सुरतेत थांबलात. अख्खं सुरत पळत होतं, आबा. उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत माणसं दारं-खिडक्यांना लोंबकळत होती. तोंडाला रुमाल बांधलेले, काखेत पोरं. लूम बंद पडले. जन्मापासून कानात असलेला तो खडखडाट थांबला आणि मला आठवतं, मला झोपच लागेना. आपणही गेलो असतो. जायला गाव नव्हतं. आपल्याला धर्माने नाही थांबवलं, थोरल्या काकांनी थांबवलं. आणि त्या धावपळीत एका सकाळी समोरच्या काकू आपल्या दारात येतात, उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहतात आणि त्यांच्या खोलीची किल्ली जमिनीवर ठेवतात, हाताला हात लागू नये म्हणून. "सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलंय, त्यांना गाडीत कसं न्यायचं? दोन दिवसांत येतो. तेवढं बघा." तुमच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तुमच्या हाती म्हातारी सोपवायला चाललं. माय आतून म्हणाली, "नाही म्हणा." तुम्ही वाकून किल्ली उचललीत.

दोन दिवसांचे बावीस दिवस झाले. पहिल्या दिवशी म्हातारीने तोंड भिंतीकडे केलं आणि काही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा आवाज आला, "भाऊ, माले पानी दे. तहान लागनी." तुम्ही तिला उचलून बसवलंत आणि पेला तोंडाला लावलात. पुढे मायनेच तिचं न्हाणंधुणं केलं, कुरकुरत, पण केलं. मी तिच्या केसांना तेल लावायचे. ती गावाकडच्या गोष्टी सांगायची, तुमच्याकडे बोट करून म्हणायची, "हाऊ मना आंडोर शे." हा माझा मुलगा आहे. खरं सांगते, त्या बावीस दिवसांत मलाही वाटलं होतं की आता सगळं बदलेल. मग काका-काकू परत आले. काकूंनी आधी खोलीत गोमूत्र शिंपडलं, मग म्हातारीला अंगणात खाटेवर घालून तिच्यावर पाणी ओतलं, शुद्ध करायला. म्हातारी थरथरत होती. तुम्ही दारातून बघत होतात. किल्ली परत द्यायला गेलात तर काका म्हणाले, "तिथे ठेवा." एवढंच. नळ तसाच बंद राहिला.

त्यानंतर चारेक वर्षांनी, हिवाळ्यात, डोंगरातल्या गावांकडून बातम्या येत होत्या. ख्रिस्ती लोकांची प्रार्थनेची घरं जाळल्याच्या. पाळीवर लोक तुम्हाला मुद्दाम ऐकवायचे. मी दहावीत. रविवारची सकाळ, आपल्या खोलीत अकरा माणसं, दार उघडं. गल्लीच्या तोंडाकडून तीस-चाळीस जण येतात. बहुतेक अनोळखी, पण पुढे समोरचे काका. तुमच्याकडे बोट करून ते म्हणतात, "हाच. बायकापोरांना फूस लावतो, बळजबरी करतो." कोणीतरी ढोलकीत पाय घालतं. गाण्यांच्या वह्या फाटतात. तुम्हाला कॉलर धरून बाहेर ओढतात आणि म्हणतात, सगळ्यांसमोर बोल, मी हे सोडलं. तुम्ही म्हणता, "मारायचं तर मारा. पण जे मानतो ते मानत नाही असं खोटं कसं बोलू?" मग कानावर बसलेली ती चपराक. तो कान पुन्हा कधी ऐकू लागला नाही. आणि तेवढ्यात समोरच्या खोलीतून खाटेवरून म्हातारीचा आवाज येतो, "अरे, मारू नका त्याले. त्यानी माले पानी पाजं." सगळ्यांनी ऐकलं. काकांनीही ऐकलं. काकूंनी आत जाऊन दार लावून घेतलं, तो आवाज बाहेर येऊ नये म्हणून.

पोलीस आले आणि घेऊन गेले ते तुम्हाला. मारणारे पानटपरीवर उभे राहिले. दिवसभर तुम्हाला बाकावर बसवून ठेवलं. कागद तयार होता, 'मी लोकांचा बळजबरीने धर्म बदलतो' असं तुमच्या नावाने लिहिलेला, खाली समोरच्या काकांची साक्षीदार म्हणून सही. तेव्हा माय उठली. फळीवरचा टाक तिने पदरात घेतला, माझा हात धरला आणि चौकीत गेली. मेजावर टाक ठेवून म्हणाली, "साहेब, ही माझी देवी. ह्यांचा बाप्तिस्मा होऊन पाच वर्षं झाली, तरी घरात आहे. ज्याने बायकोवर बळजबरी केली नाही तो गल्लीवर करेल?" साहेब खाली मान घालून म्हणाला, "बेन, देव उचला इथून." संध्याकाळी तुम्हाला सोडलं. कागद सहीशिवाय राहिला, पण तुमची तक्रारही लिहून घेतली नाही. आपल्या मोठ्या चर्चमधले दोन वडील, म्हणजे तिथले पंच, दुसऱ्या दिवशी आले. मला वाटलं धीर द्यायला आले. ते म्हणाले, "काही महिने तुमच्याकडची प्रार्थना बंद ठेवा. तुमच्यापायी बाकीच्यांना त्रास नको." आज त्याच चर्चमध्ये तुमची गोष्ट सांगतात, आबा, आणि हे वाक्य गोष्टीत नसतं.

त्या रात्री चुलीपाशी बसून मी म्हणाले, "त्या म्हातारीला तेव्हाच मरू द्यायला हवं होतं." तुम्ही घास खाली ठेवलात. आवाज चढवला नाहीत. "पुन्हा असं बोललीस तर माझ्याबरोबर जेवायला बसू नकोस." ज्याने कान फोडला त्याला तुम्ही काही बोलला नाहीत, किल्ली जमिनीवर ठेवणाऱ्यांना बोलला नाहीत, प्रार्थना बंद ठेवा म्हणणाऱ्या चर्चच्या पंचांना चहा दिलात. रागावलात ते फक्त मला. मी जेवले नाही. तुम्हीही जेवला नाहीत.

आठवड्याने लूमच्या शेठने बोलावलं. "तू माणस सारो छे, पण मारे झंझट नथी जोईती," म्हणाला. माणूस चांगला आहेस, पण कटकट नको. एकोणीस वर्षं त्याच कारखान्यात काढलेली. मग तुम्ही पर्वत पाटिया भागातल्या बाजारात कापडाचे गठ्ठे डोक्यावरून वाहायला लागलात, तीन बोटांच्या हाताने आणि एका कानाने. मागून टेम्पो आला तरी कळायचं नाही. पुढच्या रविवारी दार उघडलंत तेव्हा फक्त नवापूरचा कारीगर आणि त्याची बायको आली. मायने सतरंजी पूर्ण अंथरली. ढोलकी नव्हती, तुम्ही मांडीवर ताल धरलात. पुढे कधी पाच आले, कधी कोणी नाही. तुम्ही एकही रविवार चुकवला नाहीत.

दीड वर्षात छाती गेली तुमची. शेवटच्या दिवसांत मी तुमच्या चांगल्या कानाशी वाकून विचारलं होतं, "काय मिळालं आबा, हे सगळं धरून?" तुम्ही बराच वेळ श्वास जमवलात. "मिळायला नव्हतं धरलं, पोरी." मग म्हणालात, "त्या दिवशी मी फार भ्यालो होतो. पाय कापत होते. वाटलं, म्हणून टाकावं एकदा, सोडलं म्हणून. ते सांगू नको कुणाला." मी आजवर सांगितलं नाही. पण पाळकांचा तो हसत सोसणारा कारीगर ऐकला आणि वाटलं, तुमचे कापणारे पायही ह्यांनी काढून घेतले. न भिणाऱ्याने न सोडण्यात काय मोठंसं आहे? तुम्हाला मातीत ठेवलं त्या दिवशी समोरची खोली बंद होती. काका पुढे घर बांधून बमरोलीला गेले, नातवंडं खेळवून म्हातारे होऊन वारले. त्यांचं काही वाईट झालं नाही. तसं झालं असतं तर मला आवडलं असतं, हेही तुम्हाला आवडणार नाही.

पुढच्या महिन्यात मी उभी राहीन तेव्हा काकूंनी लावलेलं दार सांगेन, मायचा टाक सांगेन, आणि आनंदाचा शेवट करणार नाही. पाळकांना काय वाटायचं ते वाटो. हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून एक इथे लिहून टाकते. मी सोडलं नाही, आबा. तापातसुद्धा रविवार चुकवत नाही. पण सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात, आणि दुसऱ्यांना क्षमा केल्याची ती ओळ येते, तिथे मी गप्प होते. तुम्ही गेल्यापासून एकदाही म्हटलेली नाही. नुसते ओठ हलवते, शेजारच्या बाईला कळू नये म्हणून.